सागाला पान नव्हतं

चाचणी आम्ही मे महिन्यात घेतली.
हे आधीच सांगून टाकतो,
म्हणजे पुढचं सांगायला सोपं जाईल.

वर बोरधारच्या बंधाऱ्यावर पाण्याची पट्टी,
पट्टीवर यंत्राचा डोळा, डोळ्यावर वीतभर अँटेना.
खाली साडेतीन किलोमीटरवर लोणदोह,
शाळेच्या छपरावर भोंगा.
मध्ये काहीच नाही.
म्हणजे सागाचं जंगल होतं, पण मे महिन्यातलं,
नुसत्या काठ्या, आणि काठ्यांतून आरपार
टेकडीवरच्या देवाचं लाल फडकं.
मी बटण दाबलं.
भोंगा तिकडे असा कोकलला
की धुऱ्यावरची ढोरं शेपट्या वर करून पळाली.
नारळ फुटला. साहेब हसले.
मी वहीत लिहिलं: सिग्नल उत्तम.

कोणी विचारलं नाही, मलाही सुचलं नाही,
की ज्या महिन्यात नाल्याला पाणी येतं
त्याच महिन्यात सागाला पान येतं,
सुपाएवढं, खरखरीत,
आणि भिजलं की एकेक पान
एकेक लहानशी भिंत.

तान्ह्या पोळ्याची रात्र.
मी पांढरकवड्याच्या ऑफिसात पडद्यासमोर डबा खात होतो.
पाणी एक मीटर चाळीस. हिरवं.
दहाला एक मीटर चाळीस.
साडेअकराला एक मीटर चाळीस, आणि मला बरं वाटलं.
इतकं शहाणं पाणी मी जन्मात पाहिलं नव्हतं.
तिथेच संशय यायला हवा होता.

तो आकडा आठ वाजताचा होता.
त्यानंतरही बंधारा बोलतच होता,
बोलणं पानापानावर आपटून चिखलात पडत होतं,
आणि यंत्र शेवटचं ऐकलेलंच पुन्हा पुन्हा सांगत होतं,
लाजरा पाहुणा जसा
ऐकू न आलेल्या प्रश्नालाही हो म्हणतो.
सगळं ठीक आहे, आणि काही ऐकू येत नाही,
या दोन्हींना आम्ही एकच रंग दिला होता.

लोणदोहात चिन्नाबाई कुमरे जागी होती.
शेळी व्यायला झाली होती, तेवढ्यासाठीच.
पाय ओला झाला तेव्हा तिला वाटलं, शेळीचं पाणी गेलं.
मग तिची चप्पल तरंगत दाराबाहेर निघाली.
तिने पितळी परात घेतली, वर मुसळ घेतलं.

खालच्या आळीतली बेचाळीस माणसं शाळेत चढली,
मुक्या भोंग्याखाली दाटीने उभी राहिली.
माणूस गेलं नाही. अहवालाचं पहिलं वाक्य हेच आहे.
सतरा शेळ्या, दोन मोटारपंप,
आणि परसू टेकामच्या नातवाचा लाकडी बैल,
तो तिसऱ्या दिवशी पुलाच्या कठड्यात सापडला, चाकांसकट.

चौकशीला मी लॅपटॉप घेऊन गेलो.
चिन्नाबाई म्हणाली,
"तुह्या डब्ब्याले ऐकू नाही आलं,
तं त्यानं तसं सांगाव ना बाप्पा.
गप काहून बसला?"
माझ्याकडे डेसिबल होते, आर्द्रता होती, आलेख होता.
मी पाणी मागितलं.

आता दहा मिनिटं बंधारा ऐकू आला नाही
की भोंगा स्वतःहून ओरडतो.
आश्विनातल्या झडीत तो चार रात्री उगाच ओरडला.
पाचव्या रात्री कोणीतरी त्याच्या तोंडात गोधडी कोंबली.
मी शिडी लावून वर गेलो,
आणि गोधडी हातात धरून बराच वेळ तिथेच बसलो.
तार टाकून पाहिली. रानडुकरांनी उकरली.
पुन्हा टाकली आहे, खोल.
परात शाळेच्या व्हरांड्यात खिळ्याला टांगलेली असते.
साहित्याच्या यादीत मी तिची नोंद केली:
परात, पितळी, नग एक. चालू स्थितीत.

आता फाल्गुन आहे. साग गळतोय.
सिग्नल रोज एकेक काडी वाढतो,
काल पाचही काड्या भरल्या.
बंधाऱ्यावरून दर मिनिटाला
खणखणीत, स्पष्ट बातमी येते:
पाणी शून्य.